वॉर्निंग आली, मग पुढे काय करायचं?

सॉफ्टवेअरच्या धंद्यातला सगळ्यात लबाड शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी ‘वॉर्निंग’ म्हणेन. ‘एरर’ बिचारा सरळ माणूस आहे. तो आला की काम थांबतं, फोन वाजतात, कुणीतरी कुणावर तरी ओरडतं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा काहीतरी निकाल लागतो. ‘इन्फो’ निरुपद्रवी. त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि बघावं अशी त्याची अपेक्षाही नसते. वॉर्निंगचं तसं नाही. ती म्हणते, ‘काहीतरी गडबड आहे, पण चालू द्या.’ आता हे ती कुणाला सांगतेय? चालू द्यायचं हे ठरवलं कुणी? आणि गडबड आहे तर ती निस्तरायची कुणी? या तिन्ही प्रश्नांवर बाईसाहेब गप्प.

ज्यांचा इंटिग्रेशन नावाच्या प्रकाराशी कधी संबंध आला नाही (सुखी आहात!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन कंपन्यांनी, वेगवेगळ्या वेळी, एकमेकांना न विचारता बनवलेल्या दोन सिस्टिम असतात. एकीतला डेटा दुसरीत न्यायचा असतो. मध्ये एक तपासनीस बसवलेला असतो, त्याला आम्ही व्हॅलिडेटर म्हणतो. आलेला प्रत्येक मेसेज तो ठरलेल्या नियमांशी ताडून बघतो आणि शेरे मारतो. प्रत्येक शेऱ्यावर एक शिक्का असतो, हे प्रकरण किती गंभीर आहे ते सांगणारा. आजचं सगळं पुराण या शिक्क्याबद्दल आहे.

शिक्के किती असावेत यावर आमच्यात एकमत नाही. युनिक्सच्या सिसलॉगमध्ये आठ आहेत, शून्य म्हणजे ‘इमर्जन्सी’पासून सात म्हणजे ‘डीबग’पर्यंत. त्यातल्या ‘नोटिस’ आणि ‘इन्फर्मेशनल’मध्ये नेमका फरक काय, हे न अडखळता सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. सॅपमध्ये एका अक्षराचा शिक्का असतो: एस, आय, डब्ल्यू, ई, ए. अमेरिकी कंपन्यांच्या आपसातल्या ईडीआयमध्ये ऑर्डर पोचली की ९९७ नंबरची पोच परत येते. तिच्यात ‘ए’ म्हणजे स्वीकारलं, ‘आर’ म्हणजे नाकारलं, आणि ‘ई’ म्हणजे ‘स्वीकारलंय, पण चुका आढळल्या’. हे म्हणजे ‘स्थळ पसंत आहे, पण...’ असा निरोप धाडण्यासारखं झालं. समोरचा ‘पसंत आहे’ एवढंच ऐकतो आणि हॉल बुक करायला धावतो.

मी गेली काही वर्षं हॉस्पिटलांच्या सिस्टिम एकमेकींना जोडण्याच्या कामात आहे, तेव्हा उदाहरण तिथलंच घेतो. या क्षेत्रात ‘फायर’ नावाचं एक मानक आहे, एचएलसेव्हन या संस्थेचं. आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही हेच घेतलंय, आणि त्यासाठीची मार्गदर्शिका पुण्याच्या सी-डॅकमधलं एनआरसीईएस हे केंद्र काढतं. म्हणजे विषय घरचाच आहे. फायरमध्ये मुळात चार शिक्के आहेत: फेटल, एरर, वॉर्निंग, इन्फर्मेशन. (२०२३ सालच्या पाचव्या आवृत्तीत ‘सक्सेस’ हा पाचवाही आला. काही झालं नाही हे कळवण्याचीही सोय हवीच म्हणा.) त्यांच्या व्याख्या मात्र विचारपूर्वक केल्या आहेत. एरर म्हणजे ज्याच्यामुळे हाती घेतलेली कृती फसावी इतकं महत्त्वाचं काहीतरी. फेटल म्हणजे कृती तर फसलीच, शिवाय पुढची तपासणीसुद्धा करता आली नाही. वॉर्निंग म्हणजे कृती फसणार नाही, पण जशी व्हायला हवी होती तशी कदाचित होणार नाही. बघा, तिन्ही व्याख्या कृतीबद्दल आहेत. डेटा चांगला का वाईट, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

एवढं चांगलं लिहून ठेवलेलं असताना प्रत्यक्षात काय होतं ते आता बघू.

व्हॅलिडेटर चालवला की वॉर्निंगांचा जो ढीग पडतो, त्यात निदान तीन अगदी वेगवेगळ्या जातींचे शेरे एकाच शिक्क्याखाली बसलेले असतात. पहिली जात उपदेशाची. फायरमध्ये ‘डॉम-६’ नावाचा एक नियम आहे: प्रत्येक नोंदीबरोबर माणसाला वाचता येईल असा मजकूरही असावा. असावा, असलाच पाहिजे असं नाही. प्रत्यक्षात कित्येक सिस्टिम तो मजकूर पाठवत नाहीत, त्यामुळे प्रत्येक नोंदीमागे एक वॉर्निंग पडते. हजार नोंदी, हजार वॉर्निंग.

दुसरी जात ‘मला कळत नाही’वाली. समजा नियम असा आहे, की तपासणीचा कोड या यादीतलाच वापरा, पण तुमची तपासणी यादीत बसतच नसेल तर दुसरा चालेल. आता आलेला कोड यादीबाहेरचा आहे. तो खरंच बसत नव्हता म्हणून बाहेरचा आहे, का पाठवणाऱ्याने यादी उघडूनच बघितली नाही म्हणून? हे यंत्राला कळणं शक्य नाही. म्हणून ते वॉर्निंग टाकतं. तिचा खरा अर्थ ‘माणसाने बघावं’ असा आहे.

तिसरी जात ‘मी तपासलंच नाही’वाली. कोडांची यादी ज्या सर्व्हरवर आहे तो मिळालाच नाही, किंवा ती यादी व्हॅलिडेटरकडे नव्हतीच. मग तो म्हणतो, हा कोड तपासता आला नाही. वॉर्निंग! आता ही तर सरळ परीक्षा न घेता पास केल्याची गोष्ट आहे. पण रंग तोच पिवळा, बेरीज त्याच रकान्यात.

आणि मग मीटिंगमध्ये पडद्यावर एक तक्ता येतो. एरर शून्य, वॉर्निंग काही हजार. कुणीतरी म्हणतं, ‘एरर शून्य आहेत ना? मग झालं तर!’

एका प्रोजेक्टमध्ये (हॉस्पिटल आणि लॅब दोघांचीही नावं सोडून देऊ) अशाच मीटिंगला लॅबमधल्या एक वरिष्ठ टेक्निशियन बाई बसल्या होत्या. त्यांना बहुतेक खुर्ची भरायला बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, ‘एक सँपल रिपोर्ट दाखवाल का, जो तुमच्याकडे पास झालाय?’ दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, ‘याच्यात युनिट कुठंय?’

नव्हतंच. आकडा होता, एकक नव्हतं. आणि व्हॅलिडेटरने त्याबद्दल एरर तर सोडाच, वॉर्निंगही दिली नव्हती. फायरच्या मूळ नियमांत आकड्याबरोबर एकक ऐच्छिक आहे, कारण ते मानक सगळ्या जगासाठी आणि सगळ्या प्रकारच्या मोजमापांसाठी आहे. ते कडक करायचं तर आपल्या प्रोजेक्टने स्वतःचा नियम वर चढवावा, अशी अपेक्षा असते. तसा तो कुणी चढवलेला नव्हता. वाचनीय मजकूर नाही म्हणून मात्र त्याच रिपोर्टवर पिवळा शिक्का होता!

बाई म्हणाल्या, ‘युनिट नसलेल्या कागदावर मी सही करत नाही, सर. तुमच्या कॉम्प्युटरला तो चालतो कसा?’

ज्यांना हे फार बारीक वाटतंय त्यांच्यासाठी: रक्तातली साखर आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात, ब्रिटनसारख्या देशांत मिलिमोल प्रति लिटरमध्ये. दोन्हींत १८ पटींचा फरक आहे. साडेपाच मिलिमोल म्हणजे साधारण ९९ मिलिग्रॅम, अगदी ठणठणीत. साडेपाच मिलिग्रॅम म्हणजे माणूस शुद्धीवर असणं शक्य नाही. इतका मोठा फरक डॉक्टरच्या डोळ्यांना लगेच खुपेल हे खरं. पण ज्या तपासण्यांमध्ये दोन एककांतले आकडे इतके लांब पडत नाहीत, तिथे काय? आणि जिथे आकडा डॉक्टर बघतच नाही, दुसरा प्रोग्रॅमच बघतो, तिथे?

माझा मुद्दा असा आहे, की गांभीर्य ही मेसेजची अंगभूत गोष्ट नाहीच मुळी. तोच एकक नसलेला रिपोर्ट बिलिंगच्या सिस्टिमकडे गेला तर तिला काडीचा फरक पडत नाही. तपासणी झाली, इतके रुपये झाले, संपलं. तोच पेशंटच्या फाइलमध्ये गेला तर थांबवायला हवा. तोच संशोधनाच्या आकडेवारीत जाणार असेल तर गाळून टाकला तरी चालेल. आढळलेली गोष्ट एकच, शिक्के तीन. तेव्हा ‘काय आढळलं’ हे व्हॅलिडेटरने सांगावं, आणि ‘ते किती गंभीर’ हे ज्याला तो डेटा वापरायचाय त्याने ठरवावं. मानक बनवणारी समिती हे ठरवू शकत नाही, तिला तुमचं हॉस्पिटल माहीत नाही. मध्ये बसलेला प्रोग्रॅमर ठरवू शकत नाही, त्याला साखर माहीत नाही. आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ठरवतो कोण? लायब्ररीची डीफॉल्ट सेटिंग!

ही डीफॉल्ट प्रकरणं काय असतात याचा माझा आवडता नमुना जावामध्ये आहे. एक्सएमएलच्या १९९८ सालच्या व्याख्येत दोन प्रकारच्या चुका सांगितल्या आहेत, एरर आणि फेटल एरर. कंस नीट बंद झाला नाही वगैरे फेटल, तिथे पुढचं नेहमीसारखं काम थांबवलंच पाहिजे. दस्तऐवज ठरलेल्या रचनेप्रमाणे नाही, ही साधी एरर. ‘सॅक्स’च्या डीफॉल्ट हँडलरमध्ये फेटल आली की अपवाद फेकला जातो, आणि साधी एरर आली की... काहीच होत नाही. ती मेथड रिकामी आहे. म्हणजे तुम्ही व्हॅलिडेशन चालू केलंत, स्कीमा दिलात, आणि ती एक मेथड स्वतः लिहिली नाहीत, तर सगळी तपासणी मन लावून होणार आणि निकाल कचऱ्यात जाणार. आता गंमत बघा. २००४ साली जावा ५ मध्ये व्हॅलिडेशनसाठी वेगळं पॅकेज आलं. त्यात हँडलर दिलाच नाही तर उलटं होतं, एररवर सुद्धा अपवाद फेकला जातो, फक्त वॉर्निंग गिळली जाते. तोच जावा, तोच दस्तऐवज, तोच स्कीमा, तीच चूक. एका दाराने गेलात तर प्रवेश बंद, दुसऱ्याने गेलात तर या, बसा. गांभीर्य कुणी ठरवलं म्हणायचं?

चुकीच्या शिक्क्याची किंमत किती असू शकते याची दोन प्रसिद्ध उदाहरणं आहेत. थेरॅक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं कॅनेडियन यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा पेशंटना प्रचंड जादा डोस दिले. त्याच्या सॉफ्टवेअरमधले दोष आमच्या क्षेत्रात शिकवतात, पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ते यंत्र अडलं की दोन प्रकारे थांबायचं. एक ‘ट्रीटमेंट सस्पेंड’, त्यात सगळं यंत्र पुन्हा पहिल्यापासून लावावं लागे. दुसरं ‘ट्रीटमेंट पॉज’, त्यात ‘पी’चं बटण दाबलं की काम पुढे चालू. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ आलं आणि यंत्र थांबलं, ते पॉज प्रकारात. वर डोस कमी पडल्याचंही दिसत होतं. ऑपरेटरने नेहमीप्रमाणे ‘पी’ दाबलं. आतल्या खोलीतल्या माणसाला दुसरा झटका बसला. काही महिन्यांनी तो गेला. ऑपरेटरला दोष कसा देणार? किरकोळ कारणांसाठी ते यंत्र एरवीही सारखं अडायचं. ‘हे किरकोळ आहे’ हे तिला यंत्रानेच शिकवलं होतं.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातलं, १ ऑगस्ट २०१२ चं. नाइट कॅपिटल या कंपनीने नवीन कोड आठ सर्व्हरपैकी सातांवर चढवला, एक राहिला. बाजार साडेनऊला उघडायच्या आधी, आठ वाजल्यापासून, त्यांच्याच एका सिस्टिमने कर्मचाऱ्यांना आपोआप ईमेल धाडायला सुरुवात केली. त्यात गडबड झालेल्या भागाचं नावसुद्धा होतं. एकूण ९७ ईमेल. पण त्या ‘धोक्याची सूचना’ म्हणून बनवलेल्याच नव्हत्या, त्यामुळे आल्या आल्या त्या उघडून कुणी काही हालचाल केली नाही. बाजार उघडला, आणि पाऊण तासात ४६ कोटी डॉलर गेले. माहिती होती, वेळेवर होती, बरोबर माणसांच्या इनबॉक्समध्ये होती. शिक्का तेवढा नव्हता.

यावर आमच्यातले कडक सोवळ्याचे लोक म्हणतात, सोपं आहे, सगळ्या वॉर्निंगांना एररच करून टाका. सीच्या कंपायलरला तसा स्विचच असतो. मला हे पटत नाही. कंपायलरपुढचा कोड तुमचा स्वतःचा असतो, आत्ता उघडून दुरुस्त करता येतो. इंटिग्रेशनमध्ये चूक समोरच्याच्या घरात असते, आणि समोरच्याचं पुढचं रिलीज तीन महिन्यांनी असतं. तोपर्यंत काय, रात्री दोन वाजता आयसीयूतल्या पेशंटचा रिपोर्ट एक रकाना रिकामा आहे म्हणून परत पाठवायचा? नाकारलेला रिपोर्ट हासुद्धा एक धोकाच आहे. डॉक्टरला तो दिसतच नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल कुणी फोनही करत नाही.

मला वाटतं गोम अशी आहे, की आपण ‘जाऊ द्या’ आणि ‘परत पाठवा’ हे दोनच दरवाजे बांधतो आणि मग त्यांच्यावर चार किंवा आठ पाट्या लावतो. आम्ही त्या लॅबच्या प्रोजेक्टमध्ये तिसरा दरवाजा बांधला. एकक नसलेला रिपोर्ट बाजूच्या रांगेत थांबतो, डॉक्टरला ‘रिपोर्ट आलाय, तपासणी बाकी आहे, लॅबला विचारा’ एवढी ओळ दिसते, आणि लॅबच्या ड्यूटीवरच्या माणसाला निरोप जातो. हे बांधायला वेळ लागला, भांडणंही झाली. (‘आमच्या स्कोपमध्ये नाही’ हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्या वेळा ऐकलं, की झोपेतही म्हणू शकेन.) पण त्या बाईंनी दोन दुपारी आमच्याबरोबर बसून शेऱ्यांची अख्खी यादी वाचली. डॉम-६ त्यांनी अर्ध्या मिनिटात उडवला. कोड तपासताच आला नाही, ही वॉर्निंग वाचून मात्र त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे मशीन बंद होतं म्हणून नॉर्मल लिहिलं, असंच ना?’ इतकी चांगली व्याख्या मी कुठल्याही मानकात वाचलेली नाही.

शिक्के कसे असावेत याचा धडा घ्यायला फार लांब जायला नको. आपल्या हवामान खात्याचे चार रंग घ्या. हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही. पिवळा म्हणजे माहिती घेत राहा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. त्यांच्या अंदाजांवर आपण हसतो तो भाग वेगळा, पण प्रत्येक रंगाबरोबर आपण काय करायचं ते एका क्रियापदात लिहिलेलं आहे. किती मिलिमीटर पडणार हे ज्याला कळत नाही, त्यालाही छत्री घ्यायची की घरीच बसायचं हे कळतं. आमच्या शिक्क्यांना ते क्रियापदच नसतं.

आणखी एक गोष्ट, जी मला शिक्क्याच्या नावापेक्षाही महत्त्वाची वाटते: शेरा पोचतो कुणाकडे? बहुतेक ठिकाणी व्हॅलिडेटर घेणाऱ्याच्या दारात बसवलेला असतो आणि शेरे घेणाऱ्याच्याच लॉगमध्ये पडतात. चूक पाठवणाऱ्याची आहे, दुरुस्त तोच करू शकतो, आणि त्याला जाते ती फक्त ‘पोचलं’ एवढी पावती. मग सहा महिन्यांनी त्याला फोन केला की तो खरोखरच चकित होतो. ‘अहो, आधी कधी बोलला नाहीत!’ बरोबरच आहे त्याचं. त्याला पत्र आम्ही लिहिलं होतं, आमच्याच पेटीत टाकलं होतं.

आता आमच्याकडे एक साधा नियम आहे. कुठल्याही शेऱ्याला वॉर्निंगचा शिक्का ठेवायचा असेल तर त्याच्यापुढे एका माणसाचं नाव आणि एक तारीख हवी. नाव म्हणजे तो शेरा कोण वाचणार, तारीख म्हणजे कुठवर चालवून घ्यायचं. नाव सापडलं नाही तर तो शेरा इन्फो होतो किंवा एरर होतो, मध्ये लटकत राहत नाही. तारीख उलटली तर पुन्हा त्यावर बोलायचं. याने वॉर्निंग शून्य झाल्या का? छे. पण पडद्यावरचा ‘काही हजार’ हा आकडा चाळीसएकवर आला, आणि चाळीस गोष्टी माणूस वाचू शकतो.

नवीन प्रोजेक्टची कागदपत्रं आली की मी हल्ली शेवटाकडून वाचायला घेतो. तिथे मेसेजांची यादी असते: नंबर, मजकूर, शिक्का. मी त्यात ‘पुढे कोणी काय करायचं’ असा एक रिकामा रकाना घालून यादी परत धाडतो. परवा एका टीमकडून तीच यादी रकाना तसाच रिकामा ठेवून आली, खाली फक्त एक ओळ: ‘सर, हे आम्ही भरायचं की तुम्ही?’ मंगळवारी दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बसवलंय. लॅबमधलं कुणीतरी हवं, असंही कळवलंय. अजून नाव आलेलं नाही.